सुळ्याच्या जागी उपदाढ : लेकीच्या तारेचे सत्तावीस महिने

९ जानेवारी २०२५ रोजी माझ्या लेकीच्या दातांवरची तार निघाली. लागली होती १७ ऑक्टोबर २०२२ रोजी. प्रत्येक फेरीची तारीख, काय केलं, किती पैसे दिले, हे मी एका वहीत लिहीत गेले. तीच वही समोर ठेवून हे लिहितेय. दोन दात एकमेकांच्या जागेवर उगवू शकतात, हे आमच्यावर वेळ येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. वाकडे दात, पुढे आलेले दात, दातावर दात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण अदलाबदल म्हटलं की समोरचा माणूस दोनदा विचारतो, म्हणजे नक्की काय? तेव्हा मला कोणी हे सगळं मराठीत, सुरुवातीपासून सांगितलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट. लेक तेव्हा साडेअकरा वर्षांची. दात घासताना म्हणाली, "आई, इथे वर काहीतरी टोचतंय." तिने ओठ वर उचलला. डावीकडे दुसऱ्या पटाशीच्या दाताला लागून दुधाचा सुळा अजून होता, पिटुकला, पांढराशुभ्र. त्याच्या मागे नवी उपदाढ आलेली, पण वळलेली, चिमटीत धरून कोणी फिरवावी तशी. आणि त्या उपदाढेच्याही मागे, हिरडीत बरंच वर, गालाच्या बाजूने एक अणकुचीदार टोक बाहेर आलं होतं. ते टोक सुळ्याचं होतं हे बघताक्षणी कळत होतं. पण सुळा उपदाढेच्या मागे कसा? मी उजवी बाजू पाहिली. तिथे पटाशी, सुळा, उपदाढ, सगळं जिथल्या तिथे. पुन्हा डावी बाजू मोजली. पुन्हा उजवी.

घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं. "दुधाचा दात पडला की सुळा सरकून येईल, सहा महिने थांबा," असं सांगितलं गेलं. थांबलो. जूनपर्यंत ते टोक खाली आलं, पण पुढे सरकलं नाही आणि दुधाचा सुळा तसूभरही हलला नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला फार उशिरा कळली. वरचा कायमचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो, पण त्याचा फुगवटा दहाव्या वर्षाच्या सुमाराला ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवलं की लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, असं झालं तर थांबू नका, एक्स-रे काढून घ्या.

२० जून २०२२ रोजी ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. ६०० रुपये. मशीन डोक्याभोवती फिरतं, दुखत वगैरे काही नाही. तो घेऊन मुलुंडच्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म दिव्यावर धरली आणि पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, ट्रान्सपोझिशन, म्हणजे दातांची अदलाबदल. हजारात तीन-चार जणांमध्ये दिसतं म्हणाले. त्यातही वरचा सुळा आणि पहिली उपदाढ यांची अदलाबदल सगळ्यात जास्त, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. म्हणजे दुर्मिळातला नेहमीचा प्रकार आमच्याकडे होता. सुळा आणि उपदाढ आहेत तिथेच ठेवून दात रांगेत आणू, असं त्यांचं मत. खर्च ७५ हजार.

आठवड्याने दादरला दुसरं मत घेतलं. तिथे सांगितलं, क्रम दुरुस्त करू, सुळा त्याच्या मूळ जागी आणू. तीन वर्षं, ९० हजार.

दोघेही शिकलेले, दोघेही शांतपणे समजावून सांगणारे, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांच्या अगदी उलट. पैशांची चिंता होतीच. मी घरून डबे पुरवते, नवऱ्याचा पगार घरभाडं आणि शाळेत जातो. पण त्याहून मोठी चिंता ही की निवड करायची कशाच्या बळावर? मनातून मला दादरचं पटत होतं. देवाने दात ज्या क्रमाने दिले त्या क्रमाने असावेत, एवढं साधं माझं म्हणणं होतं. सासूबाईंचं वेगळंच. "दातावर दात असलेलं माणूस भाग्यवान असतं, कशाला हात लावता?" त्यांची नातीवर माया आहे, म्हणून ऐकून घेतलं. पण लेक हसताना तोंडावर हात ठेवायला लागली होती. वर्गाच्या फोटोत तर ती ओठ घट्ट मिटून उभी आहे.

तिसरं मत घ्यायचं शेजारच्या काकूंनी सुचवलं. "महाविद्यालयात जा, तिथे एकट्या डॉक्टरचं मत नसतं, सगळे मिळून बघतात." मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, शिवाय खाजगी महाविद्यालयंही आहेत. अशा ठिकाणी एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि खर्च दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. आम्ही ज्या महाविद्यालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि तक्रारही करायची नाही.

४ जुलै २०२२. सकाळी साडेआठला रांगेत. केसपेपर ५० रुपयांचा, सोबत लेकीच्या आणि माझ्या आधारची झेरॉक्स. थेट ऑर्थो विभागात जाता येत नाही. आधी तपासणी विभाग, तिथे कुठले दात किडलेत, हिरड्या कशा आहेत ते लिहितात, मग तो कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर. तिथे नवीन रुग्णांसाठी प्रतीक्षायादी होती. वहीत नाव लिहून घेतलं आणि ऑगस्टमध्ये फोन करू म्हणाले. फोन आला नाही. मी १७ ऑगस्टला स्वतः गेले, तर यादीत आमचा नंबर दोन आठवड्यांपूर्वीच येऊन गेला होता, मोबाईलचा एक आकडा चुकीचा लिहिला होता. म्हणून सांगते, नंबर लिहून घेतला की तो वाचून दाखवायला सांगा.

ऑगस्टअखेर सगळी मापं झाली. तोंडात प्लास्टिकचे हुक लावून ओठ ताणतात आणि आठ-नऊ फोटो काढतात. मग बाजूने डोक्याचा एक्स-रे. मग जबड्याचा साचा. थंड, गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरतात, आणि वरच्या जबड्याच्या वेळी घशाशी येतं. लेकीला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं. तिथल्या डॉक्टर मुलीने तिला सांगितलं, "मान पुढे वाकव, नाकाने श्वास घे आणि पायाची बोटं हलवत राहा." बोटं हलवण्यात तिचं लक्ष गेलं आणि मिनिटभर निघून गेलं. सीबीसीटी स्कॅन बाहेरून करून आणायला सांगितलं. हा त्रिमितीय एक्स-रे, फक्त वरच्या जबड्याचा, २,८०० रुपये. लहान मुलीला इतके एक्स-रे कशाला, हे मी विचारलं. उत्तर मिळालं की ओपीजीत मुळं एकमेकांवर आलेली दिसतात, कुठलं पुढे आणि कुठलं मागे ते कळत नाही, आणि आमचा सगळा निर्णय त्यावरच होता.

२१ सप्टेंबरला विभागात केस मांडली गेली. लेक खुर्चीत, भोवती सात-आठ तरुण डॉक्टर, आणि प्राध्यापक मॅडम. स्क्रीनवर तिचा जबडा तुकड्या-तुकड्यांनी वर सरकत होता. मॅडमनी मला जवळ बोलावलं.

"ताई, तोंडात दिसतं ते दाताचं डोकं. बघायचं असतं मूळ. काही मुलांत नुसती डोकी इकडची तिकडे गेलेली असतात, मुळं आपापल्या जागी असतात. तशा केसमध्ये दात सरळ उभा केला की क्रम आपोआप येतो. हिच्यात मुळंसुद्धा बदललेली आहेत. हे बघा, सुळ्याचं मूळ थेट वरपर्यंत उपदाढेच्या मागे."

मग त्यांनी दोन पेन्सिली हातात उभ्या धरल्या. "आता यांची अदलाबदल करायची, तर एकीला दुसरीच्या अंगावरून जावं लागणार. एक बाहेरून, एक आतून. इथलं बाहेरचं हाड कागदासारखं पातळ असतं. बाहेरून जाणाऱ्या मुळाला हाड पुरत नाही, हिरडी वर सरकते, मूळ उघडं पडतं. मुळं एकमेकांना लागली तर झिजतात, आणि झिजलेलं मूळ परत येत नाही."

लेक एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे गर्दीच्या डब्यात दारातला माणूस आणि आतला माणूस जागा बदलतात तसं." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसं."

एक पर्याय उपदाढ काढून टाकण्याचाही होता. गर्दी असेल, जागाच नसेल, तर तो चांगला. पण तिच्या जबड्यात जागा पुरेशी होती, आणि धडधाकट दात काढायला मॅडम तयार नव्हत्या. त्यांचं मत मुलुंडच्या डॉक्टरांसारखंच, क्रम तसाच ठेवायचा. उपदाढ पुढे आणून तिला सुळ्यासारखं रूप द्यायचं, सुळ्याला उपदाढेच्या जागी बसवून त्याचं टोक गोल करायचं. "हसताना कोणाला कळणार नाही, चावताना तिला कळणार नाही," असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "सहा महिने आधी आलो असतो तर?" हा प्रश्न जूनपासून माझ्या छातीवर बसला होता. मॅडम म्हणाल्या, "सहा महिन्यांनी काही फरक पडला नसता. मुळं तेव्हाही अशीच असणार. दोन-तीन वर्षं आधी, सुळा हिरडीत असतानाच लक्षात आलं असतं तर वेगळा विचार करता आला असता कदाचित. पण कोणाच्या लक्षात येतं हो?" मग त्यांनी घरात कोणाचा दात कमी आहे का, लहान आहे का, असं विचारलं. माझ्या भावाचा वरचा दुसरा पटाशीचा दात तांदळाच्या दाण्याएवढा आहे, लहानपणापासून. त्यांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहून घेतलं. या गोष्टी पुष्कळदा घराण्यात बरोबरच दिसतात म्हणे. माझ्या हातून काहीतरी राहिलं, ही टोचणी त्या दिवशी कमी झाली. परतताना स्टेशनवर बाकड्यावर बसून रडले. लेकीने मला पाणी आणून दिलं.

संमतीपत्र मराठीतही मिळतं, मागावं लागतं. दोन पानं. मुळांची टोकं आखूड होण्याची शक्यता, डाग पडण्याची शक्यता, कालावधी वाढण्याची शक्यता, सगळं लिहिलेलं. घरी नेऊन वाचलं आणि मग सही केली. फी २४ हजार, सहा-सहा हजारांच्या चार हप्त्यांत. आमच्या मेडिक्लेममध्ये दातांची तार बसत नाही, ते आधीच फोन करून विचारलं होतं.

२८ सप्टेंबरला दुधाचा सुळा काढला. ३०० रुपये. तो प्रसंग मला सविस्तर लिहायचा आहे. दुधाचा दात पडतो तेव्हा हातात येते फक्त टोपी, मूळ नसतंच, कारण खालून येणारा कायमचा दात ते विरघळवत आणतो. लहानपणी तिचे दात असेच पडले होते, आजीच्या सांगण्यावरून ते छपरावर फेकले होते. हा दात डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवला, तर त्याला लांबलचक मूळ होतं, टोकाशी किंचित वाकलेलं, रक्त पुसल्यावर हस्तिदंतासारखं पिवळसर. त्याला ढकलणारा सुळा कधी त्याच्या वाटेला आलाच नव्हता. दहा-अकरा वर्षं तो एकटा तिथे पाय रोवून उभा होता. लेकीने तो दात फेकू दिला नाही. काजळाच्या डबीत अजून आहे.

१७ ऑक्टोबरला तार लागली. दिवाळी आठवड्यावर. दातांवर निळसर जेल लावून धुतात, ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचे छोटे तुकडे चिकटवतात, निळ्या प्रकाशाने पक्कं करतात. दोन तास तोंड उघडं. मागच्या दाढा पुढे सरकू नयेत म्हणून टाळूवर एक आडवी तार, तिने सुरुवातीला बोलताना 'स'चा 'श' व्हायचा, पंधरा दिवसांत सवय झाली. सुळ्यावर मात्र तेव्हा काहीच लावलं नाही. आधी उपदाढेला पुढे जाऊ द्यायचं, मग सुळ्याला खाली आणायचं. हे आधी माहीत नसेल तर जीव वर-खाली होतो. चार महिने झाले तरी सुळा तिथेच लटकलेला दिसतो आणि वाटतं काहीच चाललेलं नाही.

पहिले तीन दिवस ती मऊ भातच खात होती. डॉक्टरांनी दुखण्यावर पॅरासिटामोलच द्या म्हणून सांगितलं, दुसऱ्या काही वेदनाशामकांनी दात सरकण्याचा वेग मंदावतो. गालाला तार लागली की मेण लावायचं, वाटाण्याएवढं, दात कोरडा करून. ओल्या दातावर ते टिकत नाही. फराळात तिच्यासाठी पाकातले रव्याचे लाडू आणि नारळाच्या वड्या केल्या, चकली दह्यात भिजवून दिली. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. ब्रॅकेटभोवतीच्या रबरी रिंगा पारदर्शक घेतल्या तर आपल्या जेवणातली हळद त्यांना दोन दिवसांत पिवळं करते. लेक आरशात बघून रडली, तिला वाटलं दातच पिवळे पडले. पुढच्या वेळी राखाडी रिंगा घेतल्या.

संक्रांतीला तिने तिळाची वडी खाल्ली आणि ब्रॅकेट निघालं. नवीन लावायला २०० रुपये आणि एक जादा फेरी. जादा फेरी म्हणजे माझा एक दिवस डबे बंद. महाविद्यालयात वेळ सकाळचीच असते, आणि सकाळीच माझा धंदा. ज्यांची रोजची कमाई आहे त्यांनी हे धरून चालावं. दर चार ते सहा आठवड्यांनी एक सकाळ जाते.

मार्च २०२३ पर्यंत उपदाढ दिसेल इतकी पुढे आली आणि वळायलाही लागली. एप्रिलमध्ये मुळं तपासायला ओपीजी काढला, तेव्हा शेजारच्या पटाशीच्या मुळाचं टोक किंचित बोथट झालेलं दिसलं. डॉक्टर मुलीने मॅडमना बोलावलं. मॅडमनी फिल्म बघितली आणि सांगितलं, तीन महिने सगळे जोर बंद, तार नुसती बसून राहील. विश्रांती दिली की झीज बहुतेक थांबते. मी घरी आले आणि रात्रभर तो एक्स-रे मोबाईलवर मोठा करून बघत बसले. संमतीपत्रात वाचलेलं वाक्य आणि आपल्या मुलीच्या दाताचं टोक, यात फार अंतर असतं.

त्याच सुमारास जूनमध्ये आमच्या डॉक्टर मुलीचं एमडीएस पूर्ण झालं. महाविद्यालयात उपचार घ्यायचे तर ही गोष्ट आधीपासून मनात ठेवा. शिक्षण तीन वर्षांचं, तुमचे उपचार मध्येच लागले तर डॉक्टर बदलतात. केस दुसऱ्याकडे सोपवायला दोन महिने गेले. जुलैत पावसामुळे गाड्या बंद पडल्या आणि एक तारीख हुकली. नवीन डॉक्टर ऑगस्टमध्ये मिळाले, आणि तेव्हा कळलं की सुरुवातीचा प्लास्टरचा साचा सापडत नाहीये. मी प्रत्येक कागदाचा, एक्स-रेचा, साच्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवला होता, सीबीसीटीची सीडीही घरी होती. तेवढ्यावर काम झालं. नवीन डॉक्टरांनी पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त फाईल वाचली. माझा विश्वास तिथेच बसला.

विश्रांतीनंतरच्या ओपीजीत झीज वाढलेली नव्हती. सप्टेंबरमध्ये अखेर सुळ्यावर ब्रॅकेट लागलं. जाड तार बाकी दात धरून ठेवते, आणि तिच्यावरून एक केसासारखी बारीक तार सुळ्याला हळूहळू खाली ओढते. दर महिन्याला मी फोटो काढायचे, खिडकीत, त्याच उजेडात. ऑक्टोबरात सुळ्याचं फक्त टोक, डिसेंबरात अर्धा दात, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो उपदाढ आणि दुसऱ्या उपदाढेच्या मध्ये खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी तिने स्वतःहून मैत्रिणीला फोटो पाठवला.

मग रूप द्यायचं काम. उपदाढेला दोन टोकं असतात, बाहेर एक, टाळूकडे एक. टाळूकडचं टोक सुळ्याच्या जागी खालच्या दाताला अडतं, म्हणून ते घासायचं. एकदम नाही. मार्च, मे आणि जुलै अशा तीन वेळा, थोडं थोडं, दर वेळी फ्लोराईड लावून, म्हणजे दाताच्या आतल्या नसेला त्रास होत नाही. गार पाण्याने चार दिवस शिणशिणायचं, मग थांबायचं. सुळ्याचं टोक गोल केलं. सुळ्याचं मूळ लांब असतं, बाजूने चावताना तो एकटा भार घेऊ शकतो. उपदाढेचं मूळ तेवढं भक्कम नाही, म्हणून त्या बाजूने चावताना भार तीन-चार दातांत वाटला जाईल अशी चाव बसवली. निळा कागद चावायला देऊन ठिपके बघत बसतात, ते काम तासभर चालायचं.

सहामाहीच्या आधी शाळेत दातांचे प्रकार शिकवत होते. बाईंनी क्रम विचारला. पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ. लेकीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, माझ्या डाव्या बाजूला क्रम वेगळा आहे." बाईंनी पुढे बोलावलं, तिने फळ्यावर दोन्ही बाजू काढून दाखवल्या आणि तोंड उघडून मुलींना मोजायला लावले. घरी येऊन हे सांगताना तिने एकदाही तोंडावर हात ठेवला नाही. मला ते संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं.

ऑगस्टपासून वरच्या-खालच्या दातांना रबर लावायचे होते, जेवण सोडून दिवसभर. इथे मुलांचं सहकार्य हाच उपचार. एक आठवडा विसरली तर तिचे तिलाच आरशात फरक दिसायचे. डिसेंबरमध्ये उपदाढेची रुंदी आणि टोक कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने जरा वाढवलं, २,००० रुपये. उपदाढेची टोपी सुळ्यापेक्षा आखूड आणि रंगाने पांढरी. सुळा मुळातच पिवळसर असतो. इतक्या जवळून फक्त मीच बघते, पण सांगते, उजव्या-डाव्यात तेवढा फरक राहिला आहे. दादरच्या मताने गेलो असतो तर तो राहिला नसता कदाचित. शेवटच्या ओपीजीत मुळं शाबूत आहेत, हिरडी दोन्हीकडे सारखी आहे. मला आज विचाराल तर मी पुन्हा तीच सही करीन.

सगळा खर्च एकत्र सांगते. फी २४,०००. तीन ओपीजी १,८००, सीबीसीटी २,८००, दात काढायचे ३००, ब्रॅकेट २००, कॉम्पोझिट २,०००, रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, ३,०००, केसपेपर ५०. त्यात फेब्रुवारीत १,५०० ची भर पडली. दादरला उपाहारगृहात तिने रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि पोऱ्याने ताटासकट उचलून नेला. रिटेनर फक्त डबीत. एकूण ३५,६५० रुपये, प्रवास आणि सुरुवातीच्या दोन खाजगी सल्ल्यांची फी सोडून.

तार निघाली म्हणजे संपलं असं नाही. दातांच्या मागे बारीक तार चिकटवलेली आहे, सुळ्यापर्यंत नेलेली, कारण वळलेल्या दातांना परत वळायची ओढ असते. वरून काढ-घालीचा रिटेनर, सहा महिने जेवण सोडून सतत, मग रात्रीचा. ती तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुते. गरम पाण्याने त्याचा आकार बदलतो.

हे लिहितेय तेव्हा जून २०२५ संपत आला आहे. ती दहावीत गेली. १० जुलैला रिटेनरची तपासणी आणि पुढचा ओपीजी आहे, केसपेपर आणि सीडी पिशवीत भरून ठेवली आहे. त्या सकाळी डबे बंद राहतील, तसं सगळ्यांना कळवून झालं.